स्टेअरिंगवर बसलो, गाडीखाली कधी जाणार?

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बायकांसाठी झालेल्या प्रशिक्षणांची यादी काढून पाहा. पापड, लोणची, शिवण, मेणबत्त्या, ब्यूटी पार्लर. मग कॉम्प्युटर आला. अलीकडे ‘वाहन चालवणे’ ही भर पडली आणि तिचं मी मनापासून स्वागत करते. २०२४ साली राज्य सरकारने १७ शहरांतल्या १०,००० बायकांसाठी ई-रिक्षांची योजना जाहीर केली. रिक्षा गुलाबी. रंगाची चर्चा भरपूर झाली. रिक्षा भर रस्त्यात बंद पडली तर खाली वाकून बघणार कोण, ही चर्चा मी तरी कुठे ऐकली नाही.

आपल्या संघटनांमध्येही ती होत नाही. आमच्या गटाच्या जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स आम्ही पाच जणींनी घरच्या अंगणात उतरवला, हे मी एका बैठकीत सांगितलं. तेव्हा एक ज्येष्ठ मैत्रीण हसून म्हणाली, “अगं, आपली लढाई हिंसेशी, हुंड्याशी, मालमत्तेच्या हक्काशी. त्यात हा गिअरबॉक्स कुठून आणलास?” तिच्याबद्दल मला आदर आहे. माझ्यासारख्या कितीजणी तिचं बोट धरून चळवळीत आल्या. पण तिचं म्हणणं मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते इथे मांडते.

मालमत्तेच्या हक्कापासूनच सुरुवात करू. १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांच्या बरोबरीने हिस्सा मिळाला. आपण त्यासाठी झगडलो. पण सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे जमीन हातात आली असं होत नाही, हेही आपणच शिकलो. बी कुठलं, पाणी कधी, माल कुणाला विकायचा, हे ठरवणारा दुसराच असेल तर नाव आपलं आणि ताबा त्याचा. गाडीचंही तेच आहे. आमच्या पिकअपच्या आरसी बुकावर गटाच्या अध्यक्षांचं नाव आहे. चालवणारी आमचीच. हप्ते आम्ही फेडले. पण गाडी ‘कडकड’ करू लागली की आम्ही अकरा जणी गॅरेजच्या दारात हात जोडून उभ्या. मिस्त्री सांगेल तो बिघाड, मिस्त्री सांगेल तो भाव, मिस्त्री सांगेल तो दिवस. याला मालकी म्हणायचं?

आमचा गट जुन्नर तालुक्यातला, भाजीपाल्याचा. हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटो न्यायचा. गाडी दोन दिवस उभी राहिली तर पिकलेला माल शेतात सडतो, नाहीतर बांधावर येणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच्या भावाने द्यावा लागतो. गाडी बारा वर्षांची, आम्ही जुनीच घेतलेली. गेल्या हंगामाच्या तोंडावर तिचा क्लच सटकायला लागला. इंजिन जोरात ओरडायचं, पण चढावर गाडी पुढे सरकायची नाही, आणि जळक्या अस्तराचा वास. क्लच प्लेट संपली, हे सांगायला आता आम्हाला कुणी लागत नाही. चौदा महिन्यांपूर्वी हेच झालं होतं. तेव्हा गॅरेजने बिल लावलं होतं : क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं नवं. या वेळीही तेच सांगितलं, वर मजुरीचे साडेतीन हजार, आणि गाडी मिळायला सहा दिवस.

मैत्रिणींनो, क्लच प्लेट स्वतः काही फार अवघड वस्तू नाही. पोळपाटाएवढी चकती, दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर. ती इंजिनच्या फ्लायव्हीलवर दाबून बसते आणि इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देते. पण ती बसलेली असते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. म्हणून काही हजारांच्या चकतीसाठी सगळा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. मजुरी त्याचीच. आणि ‘हे बायकांचं काम नाही’ हे वाक्यही तिथेच ऐकू येतं.

का नाही? पहिलं उत्तर असतं : वजन. गिअरबॉक्स जड असतो हे खरं. आमचा सिमेंटच्या एका पोत्याच्या आसपास भरला असेल. पण गॅरेजमध्ये तरी तो कोण छातीवर घेतं? शहाणा मिस्त्री तो जॅकवरच घेतो. वजन जॅक पेलतो, माणूस फक्त दिशा देतो. आणि वजनाचं आम्हाला कुणी सांगावं? टोमॅटोचा क्रेट वीस किलोच्या आसपास. असे क्रेट दिवसभर गाडीत चढवणाऱ्या बायकांना, डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बायकांना, बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बायकांना ‘जड आहे’ म्हणून अडवलेलं मी पाहिलेलं नाही. बाईच्या डोक्यावरचं वजन कुणाला दिसत नाही. तिच्या हातात पाना आला की मात्र सगळ्यांना तिच्या कंबरेची काळजी वाटते!

दुसरं उत्तर : धोका. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२व्या कलमात असं घातलं होतं की चालू असलेल्या यंत्राच्या, त्याच्या ट्रान्समिशनच्या भागांची सफाई, तेलपाणी किंवा जुळवणी बाईला करू देऊ नये. हेतू रक्षणाचा होता असं म्हणू. पण फिरत्या यंत्रात हात घातला तर पुरुषाचा हात तुटत नाही का? धोका असेल तर तो सगळ्यांसाठी बंद करा. बाईला बाजूला काढून धोका तसाच ठेवला, तर बाईचं काम जातं आणि पुरुषाचं बोट जातं. गाडीच्या बाबतीतही हेच. गॅरेजमध्ये नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली चौदा-पंधरा वर्षांची पोरं सरपटत जातात, ते कुणाला खुपत नाही. आम्ही नियमच केला : गाडी घोड्यांवर नीट बसल्याशिवाय कुणीही, बाई असो की बाप्या, खाली जायचं नाही.

तिसरं उत्तर कुणी तोंडाने देत नाही, आणि माझ्या मते खरं उत्तर तेच आहे. गिअरबॉक्स उतरवायला गाडीखाली उताणं झोपावं लागतं. पाय बाहेर, साडी गुडघ्याशी, अंगावर तेलाचे ओघळ, आणि आजूबाजूला उभी असलेली माणसं. बाईने चारचौघांत असं आडवं होणं म्हणजे लाज सोडणं. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई म्हणाल्याच, “रस्त्यावरनं जाणाऱ्याला काय दिसंल?” म्हणजे प्रश्न क्लचचा नव्हताच. प्रश्न बाईच्या शरीराचा होता, ते कुठे, कसं, कुणासमोर असावं याचा. माझ्या ज्येष्ठ मैत्रिणीला मला हेच सांगायचं आहे : आपण ज्याच्याशी लढतो तेच इथे गाडीखाली बसलेलं आहे. वेगळं काही नाही.

१९७४ साली पुण्याच्या टेल्कोने इंजिनियर हवेत अशी जाहिरात दिली आणि स्त्रियांनी अर्ज करू नये असं त्यात छापलं. तेव्हा बंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्यांना नोकरी मिळाली. ती गोष्ट आपण पुष्कळदा सांगतो. पण तिथे मनाई निदान छापलेली होती, म्हणून तिच्याविरुद्ध पत्र लिहिता आलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवर ‘बायकांना प्रवेश नाही’ अशी पाटी कुठे असते? तिथे फक्त बाईला बसायला जागा नसते, संडास नसतो, भिंतीवर उघड्या बायकांचं कॅलेंडर असतं, आणि आपण काही विचारलं की मिस्त्री उत्तर आपल्याला न देता सोबतच्या पुरुषाला देतो. सोबत बारा वर्षांचा मुलगा असला तर त्याला देतो! मनाई कुणीच केलेली नसते. पत्र कुणाला लिहायचं?

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आहे. मुलींना तिथे बंदी नाही. आमच्या जवळच्या एका संस्थेत मी चौकशीला गेले तेव्हा त्या वर्गात एकही मुलगी नव्हती. “अर्जच येत नाहीत हो ताई,” असं सांगण्यात आलं. अर्ज येतील कसे? ज्या मुलीने लहानपणापासून कधी सायकलची चेनसुद्धा स्वतः बसवली नाही, कारण भावाने ‘तू सरक’ म्हटलं, तिच्या मनात हा अर्ज उगवणार कुठून?

म्हणून आम्ही घरच्या अंगणात काम काढलं. गॅरेजपेक्षा घर बरं म्हणून नाही. तिथे आम्हाला आडवं होता येत होतं म्हणून. दापोडीच्या एसटी कार्यशाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक मामा गावात आहेत. त्यांना शिकवायला बोलावलं, पण अट घातली : तुम्ही पान्याला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचं. मामा म्हणाले, “हे माझ्यासाठीच अवघड हाये, पोरींनो.” पण त्यांनी पाळलं.

काम कसं होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते न सांगता ‘आम्ही करून दाखवलं’ एवढंच लिहिणं म्हणजे पुन्हा ज्ञान झाकून ठेवणं.

सपाट, कठीण जमीन. चाकांना ठोकळे. गाडी जॅकने उचलून चेसिसखाली घोडे. हलवून पाहायची, डुलली तर पुन्हा बसवायची. बॅटरीची ऋण बाजूची वायर आधी काढायची, कारण पुढे स्टार्टर सोडवायचा असतो आणि त्याच्या जाड वायरीत सतत करंट असतो. मग गिअर ऑइल खाली काढायचं. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही चकत्यांवर रंगाची खूण करून मगच बोल्ट सोडायचे, म्हणजे बसवताना तो जसा होता तसाच बसतो. स्पीडोमीटरची केबल, मागच्या दिव्याची वायर, क्लचचा छोटा सिलिंडर (त्याचा पाइप न तोडता बाजूला बांधून ठेवायचा), स्टार्टर, आणि वरून केबिनमधली गिअरची दांडी. प्रत्येक बोल्ट कुठला ते लिहून वेगळ्या डब्यात. आमच्या घरी मसाल्याचा मोठा डबा होता, त्याचे सात कप्पे कामी आले.

यानंतरची गोष्ट महत्त्वाची. गिअरबॉक्स मागून ज्या आडव्या पट्टीवर टेकलेला असतो ती काढली की इंजिनचाही मागचा आधार जातो. म्हणून आधी इंजिनखाली लाकडाची फळी देऊन एक जॅक, गिअरबॉक्सखाली दुसरा, आणि गिअरबॉक्स जॅकला पट्ट्याने बांधलेला. मग पट्टी काढायची, इंजिनला जोडणारे चहूबाजूंचे बोल्ट सोडायचे. वरचे दोन फार अडचणीत असतात, तिथे लांब दांडी जोडलेली गोटी लागते. शेवटी गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. सरळ म्हणजे सरळ. त्याचा पुढचा दांडा क्लच प्लेटच्या मधोमध घुसलेला असतो. तो पूर्ण बाहेर येण्याआधी गिअरबॉक्स खाली लोंबला तर दांड्याला आणि प्लेटला इजा होते. आम्ही ओढत होतो, येत नव्हता. मामा वाकून बघत म्हणाले, “जोर लावू नका. जॅक जरा वर घ्या, वाट द्या त्याला. तो आपसूक येतो.” अर्धा इंच वर घेतला आणि खरंच आला.

ताकद नव्हे, वाट. हे मी त्या दिवशी शिकले. इतकी वर्षं आम्हाला ताकदीचं कारण सांगून जे लपवलं होतं, ते हे एवढंच होतं!

आणि आत काय निघालं? प्लेट झिजून रिव्हेटपर्यंत आलेली, ते अपेक्षित होतं. पण रिलीज बेअरिंग कोरडं, हाताने फिरवलं तर खरखरणारं. प्रेशर प्लेटवर तापून निळे पडलेले डाग, तिच्या पात्यांच्या टोकांना खोल खाचा. बिलाप्रमाणे हे दोन्ही चौदा महिन्यांपूर्वीचे नवे. चौदा महिन्यांच्या ओझ्याने, सटकत्या क्लचवर गाडी रेटल्याने असं झालं असेलही. नवे घातलेच नसतील असंही असेल. मी कुणावर चोरीचा आळ घेत नाही. घेऊच शकत नाही, कारण त्या दिवशी आमच्यातली एकही गाडीखाली नव्हती आणि जुने पार्ट परत मागायचे असतात हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. पैसे दिले आणि काय घेतलं ते माहीत नाही. अडाणी बाईचा अंगठा कोऱ्या कागदावर घेत असत, त्यापेक्षा हे कुठे वेगळं आहे?

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा आणि रास्त आहे : बायकांवर आधीच कामं कमी आहेत का, की हे आणखी एक? खरं आहे. म्हणूनच आम्ही हे फुकट केलं नाही. गॅरेजला मजुरीचे जे साडेतीन हजार जाणार होते ते गटाच्या वहीत मजुरी म्हणूनच लिहिले आणि पाच जणींना प्रत्येकी सातशे रोख दिले. मामांना शिकवण्याचं मानधन वेगळं दिलं. घ्यायला तयार नव्हते, घ्यायला लावलं. कामाला दोन दिवस लागले, त्या दोन दिवसांचा स्वयंपाक पाचही घरांत दुसऱ्या कुणीतरी करायचा हे आधी ठरवून घेतलं. तीन घरांत झाला. दोन घरांत झाला नाही. ती लढाई बाकी आहे. पण बाईचं काम म्हटलं की ते ‘हौस’ किंवा ‘मदत’ होतं आणि पुरुषाचं तेच काम ‘मजुरी’ होतं, हा हिशेब आपणच आपल्या वहीत मोडला पाहिजे.

दुसरा आक्षेप : मिस्त्री तरी कुठे श्रीमंत आहे? तुम्ही गरिबाच्या पोटावर पाय देता. आमची लढाई मिस्त्रीशी नाही. त्याच्या हाताखालचा पोरगा दिवसभर क्लचच्या धुळीत श्वास घेतो. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवण्याची पद्धत सर्रास आहे. आम्ही ती ओल्या फडक्याने पुसली, तोंडाला मास्क बांधून. मोठं काम आजही आम्ही गॅरेजलाच देऊ. इंजिन उघडायचं धाडस आम्हाला नाही. पण जाणकार गिऱ्हाईक आलं तर प्रामाणिक मिस्त्रीचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते दुसऱ्याचं.

तिसरा त्रास आक्षेपाचा नाही, कौतुकाचा आहे. गिअरबॉक्स पुन्हा चढवत असताना एक वार्ताहर आले. त्यांना पदर खोचून पाना उगारलेला फोटो हवा होता आणि मथळा ठरलेला होता : ‘रणरागिणी’. आम्ही फोटो दिला नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेच्या इंजिनात बसल्या आणि २०२५ साली निवृत्त होईपर्यंत गाड्या चालवत राहिल्या. त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची पदविका घेतली होती. यंत्र शिकून त्या तिथे पोचल्या होत्या. दुर्गेचा अवतार म्हणून नव्हे. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्टनगरात ट्रकचे टायर बदलणाऱ्या शांतीदेवींनी वर्षानुवर्षं ते काम पोटासाठी केलं. बाईला देवी केलं की तिला पाना, जागा आणि पगार द्यावा लागत नाही. आम्हाला आरती नको. शिकवणारा माणूस द्या.

तेव्हा या अंकाच्या वाचक गटांपुढे मी चार गोष्टी ठेवते. वाहन चालवण्याचं शिबिर घेणाऱ्या प्रत्येक संघटनेने त्यात एक पूर्ण दिवस गाडीखालचा ठेवावा; तेल तपासणं, चाक बदलणं, क्लच-ब्रेक ओळखणं, घोडे लावणं. गॅरेजमध्ये काम देताना बिलावर प्रत्येक पार्ट वेगळा लिहून घ्यावा आणि जुना पार्ट पिशवीत घालून परत घ्यावा; तो आपलाच असतो. दोन-चार गटांनी मिळून पाने, गोट्या, घोडे आणि चांगला जॅक यांचा एक संच विकत घ्यावा आणि भांड्यांसारखा फिरता ठेवावा. आणि आयटीआयच्या प्रवेशाच्या वेळी आपल्या कार्यकर्त्यांनी दहावी झालेल्या मुलींच्या घरी जावं, जसं आपण बालविवाह थांबवायला जातो तसं, आणि मोटार मेकॅनिकचा अर्ज तिथे बसून भरून घ्यावा. एकटी मुलगी त्या वर्गात टिकणार नाही. पाच पाठवा.

आमच्या गाडीचं म्हणाल, तर नवी प्लेट जुन्या दांड्याच्या मापाच्या लाकडी खुंटीने मधोमध धरून बसवली, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले, नवं ऑइल भरलं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे माल नारायणगावला गेला. जुने तीनही पार्ट आम्ही गटाच्या कार्यालयात खिळ्याला टांगून ठेवले आहेत. येणारी प्रत्येक बाई विचारते, हे काय? मग तिला ते हातात घ्यायला देतो.